ऑझलबेकच्या मधमाश्या

नॅथन गार्बटने आयुष्यात एकदाच शपथेवर साक्ष दिली. ती अक्षर न् अक्षर खरी होती. आणि त्या खऱ्या साक्षीपायी त्याच्या बालमित्राच्या गळ्यात फास पडायची वेळ आली होती.

गुरुवारी सकाळी तो हेल्बीच्या बाजारचौकात जेबेझ थ्रेलच्या दारावर अशा बुक्क्या मारत होता, की समोरच्या न्हाव्याने दचकून गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. ती अर्धी पुढे कधी उगवलीच नाही, असं हेल्बीत अजून सांगतात.

जेबेझ थ्रेल हा खासगी गुप्तहेर. चणीने लहान, डोक्याने चकचकीत, खिसे कायम पेपरमिंटच्या गोळ्यांनी फुगलेले. एका बुटाच्या नाडीवरून त्याने म्हणे एका बिशपला चोर ठरवलं होतं आणि दुसऱ्या बुटाच्या नाडीवरून त्यालाच निर्दोष सोडवलं होतं. जगात तो फक्त गाईंना भ्यायचा.

"कोण मेलं?" दार उघडताच त्याने विचारलं.

"रूबेन लाइथ. आमच्या ऑझलबेकचा. मधमाश्या पाळायचा."

"मारलं कुणी?"

"एनॉक वार्डलनं. गिरणीवाला. म्हणजे, मीच तसं सांगितलं. म्हणजे, तसं नाही सांगितलं, पाहिलं तेवढंच सांगितलं, पण साहेब—"

"आत या. बसा. आधी श्वास घ्या."

गार्बट बसला. तो धिप्पाड माणूस होता, पण खुर्चीच्या कडेवर असा टेकला, की जणू खुर्चीनेच त्याच्यावर खटला भरलाय. ऑझलबेक ते हेल्बी नऊ मैल. त्या वाटेवर तो घोडागाडीने लोकांचं सामान पोचवायचा.

"शनिवारी संध्याकाळी पुलावरून गाडी नेत होतो," तो म्हणाला. "गिरणीच्या बांधावर एनॉकनं रूबेनची गचांडी धरली होती. प्यालेला होता. ओरडला, 'तुला ह्याच पाण्यात बुडवीन!' मी म्हटलं, हे नेहमीचंच. आणि निघून गेलो."

"नेहमीचं?"

"यंदाच्या वसंतात एनॉकनं स्वतःच्या हद्दीतली तीन लिंडनची झाडं तोडली. रूबेनच्या माश्या त्याच फुलांवर जगायच्या. तेव्हापासून भेटले की शिव्याच."

"रविवारी सकाळी काय सापडलं?"

"पाण्याच्या झडपेपाशी रूबेनची टोपी, रक्तानं माखलेली. काठी, मोडलेली. रूबेन नाही. आणि एनॉक गिरणीच्या दारात झिंगून पडलेला."

"मृतदेह?"

"रात्री पाऊस कोसळला, ओढा फुगला. नदीत वाहून गेला म्हणतात."

थ्रेलने एक गोळी तोंडात टाकली. "मग धावपळ कशाला? मृतदेह नसताना खून शाबीत करणं सोपं नसतं."

"तेच तर, साहेब!" गार्बटचा आवाज फाटला. "उद्या दहाला मॅजिस्ट्रेट येतोय आणि एनॉक कबुली देणार आहे. त्या रात्रीचं त्याला काही आठवत नाही. काल मला म्हणाला, 'मी केलं असणारच. नॅथन गार्बट कधी खोटं बोलत नाही.'"

थ्रेलची गोळी गालात थांबली. त्याने घड्याळ पाहिलं, खुंटीवरची टोपी काढली.

"वाटेत गाई आहेत?"

"खेडं आहे, साहेब."

"म्हणजे आहेत," थ्रेल खिन्नपणे म्हणाला आणि गाडीत चढला.

वाटभर गार्बट तास मोजत होता. उद्याचे दहा वाजायला पंचवीस तास. दुसऱ्या टेकडीवर चोवीस. घोडी मात्र आरामात चालली होती. तिने कुणाविरुद्ध साक्ष दिली नव्हती.

"गाडीतून काय काय नेता?" थ्रेलने मधेच विचारलं.

गार्बटला राग आला. माणूस मरायला टेकलाय आणि ह्याला सामानाची पडलीय. तरी त्याने सांगितलं, "बुधवारी बाजार असतो. घराघरातून याद्या येतात. पाद्रीबाबांची शाई, हवालदाराच्या मिशीचं मेण. केझियाचा चहा, साबण, तंबाखूची गुंडाळी."

"केझिया कोण?"

"रूबेनची विधवा. बिचारीनं कालही सवयीनं सगळी यादी म्हणून दाखवली. मी आपलं मुकाट आणून दिलं. कशाला उगाच तिला आठवण करून द्या?"

"भला माणूस आहेस," थ्रेल म्हणाला आणि नऊ मैल संपेपर्यंत पुढे अक्षर बोलला नाही.

ऑझलबेकमध्ये एक चर्च, एक दुकान, एक गुत्ता आणि हिरवळीच्या कडेला दगडी कोठडी. कोठडी इतकी लहान, की आत एनॉक वार्डल उभा राहिला तर हवालदाराला आत शिरण्यासाठी त्याची परवानगी घ्यावी लागायची. हवालदार बुलमर तसा हळवा. तो ती मागायचासुद्धा.

"काय सांगू, साहेब," बुलमर डोळे पुसत म्हणाला, "रूबेन गेला आणि गावाची कळाच गेली. त्याचा कोंबडा रविवारपासून आरवला नाही. मुकं जनावर, पण त्यालाही कळतं."

"तुम्ही पाहिलंत त्या कोंबड्याला?"

"दुःखात असलेल्याकडे काय टक लावून बघायचं?"

आत एनॉक गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. हात पिठाने पांढरे, पाच दिवसांनंतरही. जणू ते त्याच्या कातडीतच मुरलं होतं. शेजारी त्याची मुलगी डॉर्कस सुपाचं भांडं घेऊन उभी होती. सूप थंड झालं होतं.

"या नॅथनकाका," डॉर्कस म्हणाली. "साक्ष संपली, की अजून काही आठवलंय?"

गार्बटने मान खाली घातली.

"त्याला बोलू नकोस," एनॉक म्हणाला. "त्यानं पाहिलं ते सांगितलं."

"आणि तुम्ही न पाहिलेलं सांगणार उद्या!"

थ्रेल उंबऱ्यावरच बसला. "वार्डल, झाडं का तोडलीत?"

"तीन वर्षांमागे माझी बायको गेली. माझ्याकडेही तेव्हा माश्यांच्या दोन टोपल्या होत्या. ती जाऊन तास झाला नाही तोच रूबेन आला. म्हणाला, घराची किल्ली घे, टोपलीवर तीन टकटक कर आणि माश्यांना सांग मालकीण गेली म्हणून. काळी फीत बांध. मी म्हटलं, माझं घर बुडालंय आणि तू माश्यांचं सांगतोस? हाकलला त्याला."

"मग?"

"पुढच्या वसंतात दोन्ही टोपल्या रिकाम्या. न सांगितल्यावर राहतात कशाला त्या? पण रूबेनच्या माश्या माझ्याच झाडांवर दिवसभर गुणगुणायच्या. घरात ऐकू यायचं. बायको होती तेव्हा जसं ऐकू यायचं ना, तस्संच." त्याने पांढरे हात एकमेकांवर घासले. "ऐकवेना. तोडली."

"आणि रूबेनला मारलंत?"

"मारलं असणार. तो बांधावर आला, माझा हात त्याच्या गळ्याला... पुढचं काही नाही. साहेब, पुढचं काहीच नाही. नॅथननं बुडवीन ऐकलं ना? मग बुडवलंच असेल."

बाहेर आल्यावर गार्बट भिंतीला टेकला.

"ते माश्यांचं," थ्रेल म्हणाला. "गावात सगळेच मानतात?"

"मी नाही मानत," गार्बट घाईने म्हणाला. "म्हणजे, आजीच्या भावानं एकदा मस्करीत माश्यांना सांगितलं, बाप मेला म्हणून. म्हातारा तेव्हा कोबी लावत होता, ठणठणीत. आठवडा संपायच्या आत गेला. योगायोग असेल, पण साहेब, आमच्या गावात ती मस्करी त्यानंतर कुणी केली नाही."

"आणि केझिया?"

"ती? तिच्या माहेरी चार पिढ्या माश्यांच्या. ती माश्यांना विचारल्याशिवाय पडदेसुद्धा धूत नाही."

लाइथांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. गल्लीत एक तांबडी गाय आडवी उभी होती. तिला वळसा घालायला थ्रेलने काटेरी कुंपण चढून शेतातून फेरी मारली आणि डावा मोजा तिथेच ठेवून आला.

दाराच्या कडीला काळं कापड. खिडक्यांना काळे पडदे. आत आरसा झाकलेला, भिंतीवरचं घड्याळ थांबवलेलं. केझियाने काळा झगा घातला होता, तिच्या चहाच्या किटलीच्या कानालासुद्धा काळी फीत होती. बाई पन्नाशीची, सडपातळ, ताठ. डोळ्यांखाली मात्र कोळशाने ओढल्यासारख्या रेघा. झोप नसलेल्या माणसाच्या.

"पोलिसांना सगळं सांगितलंय मी," ती म्हणाली. "एनॉकनं मारला त्याला. आणखी काय?"

"तुम्ही पाहिलंत?"

"टोपी पाहिली." तिने झग्यात मुठी वळल्या. "काय करतील एनॉकला? खरंच... तसं करतील?"

"उद्या तो कबुली देतोय. मग करतील."

केझिया चटकन उठली आणि चुलीकडे वळली. किटली उकळत नव्हती, तरी तिने ती उतरवली.

मागच्या दाराने एक तरणाबांड माणूस आत आला. पायाला चिखल, तोंडावर हसू, ते प्रसंग आठवून अर्ध्यावर आवरलेलं. रूबेनचा पुतण्या ल्यूथर.

"तुम्ही शहरातले शोधणारे? मला विचारा ना. शनिवारी मी गुत्त्यात होतो. बारा जणांनी मला टेबलाखालून ओढून काढलं, बाराही साक्ष देतील."

"काकाच्या पश्चात माश्या कुणाच्या?"

"माझ्याच व्हायच्या. म्हणून तर काकूला म्हटलं, मला आतापासून हात लावू दे. झाडू उगारला हिनं!"

"तुझे हात बघ आधी," केझिया म्हणाली. "बटाटे उकरावेत तसे माश्यांत घालतोस."

"आणि वरच्या माळावरही येऊ देत नाही. दर ऑगस्टात मीच जातो हिच्याबरोबर, माती कापणाऱ्यांच्या रिकाम्या झोपडीपाशी, टोपल्या बघायला."

थ्रेलने बाग बघायची परवानगी मागितली. भिंतीच्या आडोशाला, सफरचंदाच्या झाडांखाली, माश्यांच्या टोपल्या एका ओळीत होत्या. गवत पिळून विणलेल्या, उपड्या ठेवलेल्या. शनिवारच्या पावसाने धुऊन निघालेल्या, उन्हात भट्टीतून काढलेल्या पावांसारख्या नुसत्या पिवळ्याधमक. त्यांवर दुसरा रंग नव्हता. माश्या आपल्या उद्योगात होत्या. त्या घरात तेवढाच आवाज सुखाचा.

"आठ," थ्रेलने मोजलं. "फळीवर जागा चौदांची दिसते."

"सहा माळावर नेल्यात," केझिया म्हणाली. "तिथं हेदरची जांभळी झुडपं फुललीत. एक दिवसाआड बघून येते."

"चढण मोठी आहे. भूक लागत असेल."

"लागते."

दाराशी तिची करंडी तयार होती. वर पांढरं कापड, कापडाखालून पावाचं टोक दिसत होतं. अख्खा पाव होता. थ्रेलने तिकडे पाहिलं, मग बागेच्या कोपऱ्यातल्या खुराड्याकडे. चार कोंबड्या चोची मारत हिंडत होत्या.

"बरं," तो म्हणाला. "चार वाजता आम्ही परत येतो. हवालदार आणि डॉर्कस वार्डल यांना घेऊन. ल्यूथर, तूही थांब."

हिरवळीवर येताच गार्बटने त्याची बाही धरली. "कोण आहे तो, साहेब? ल्यूथर? एवढं तरी सांगा! एकोणीस तास उरले!"

"मला एक काळी फीत हवी आहे," थ्रेल म्हणाला. "दुकानात मिळेल?"

"कोण मेलंय तुमचं?"

"अजून कुणी नाही."

गार्बटने तो पूर्ण वेळ हिरवळीवर येरझारा घालत काढला. तिथलं गवत म्हणे पुढची दोन वर्षं उगवलं नाही. त्याला दोरच दिसत होता. आणि दोराच्या वर, न्यायाधीशाच्या खुर्चीत, तो स्वतः बसला होता.

चारला सगळे बागेत जमले. बुलमरने टोपी काखेत धरली होती. डॉर्कस भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी. ल्यूथर कच्चं सफरचंद चघळत. केझिया दारात.

थ्रेल तिच्या बाजूने आत गेला आणि दाराच्या कुलपातली घराची मोठी लोखंडी किल्ली काढून घेऊन बाहेर आला.

"मिसेस लाइथ," तो सावकाश म्हणाला, "रूबेन मेला हे साऱ्या गावाला कळलंय. पण ह्या घरात काही जण अजून अंधारात आहेत. पाच दिवस झाले. हे काही बरं नाही. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो."

त्याने खिशातून काळी फीत काढली आणि पहिल्या टोपलीपुढे उभा राहिला.

गार्बटच्या डोळ्यांपुढे ती ओळ होती, सकाळपासून होती. पिवळ्याधमक आठ टोपल्या. आणि एकीलाही काळी फीत नाही.

थ्रेलने किल्लीने टोपलीवर टकटक केली. एकदा.

माश्यांचा आवाज बदलला. केझियाचा चेहरा पिठासारखा झाला.

"मधमाश्यांनो," थ्रेल म्हणाला आणि दुसऱ्यांदा टकटक केली, "तुमचा मालक रूबेन लाइथ—"

"नको!"

केझिया धावली. झगा काट्यात अडकून फाटला, पण ती थांबली नाही. तिने दोन्ही हातांनी थ्रेलचं मनगट धरलं. किल्ली टोपलीपासून बोटभर अंतरावर अडली.

"नका सांगू! तुमच्या पाया पडते, त्यांना नका सांगू! माराल... माराल त्याला! तो जिवंत आहे!"

ल्यूथरच्या हातातलं सफरचंद गवतावर पडलं.

"कुठे?" डॉर्कसने विचारलं. एकच शब्द, पण दगडासारखा.

"माळावरच्या झोपडीत," थ्रेलने उत्तर दिलं. "जळणाची माती कापणाऱ्यांच्या त्या रिकाम्या झोपडीत. हो ना, मिसेस लाइथ?"

केझिया गवतावर बसली आणि मान हलवत राहिली.

"पण साहेब, तुम्हाला कसं कळलं?" बुलमर म्हणाला. त्याने वही काढली होती आणि ती उलटी धरली होती.

"तुम्हीच सगळ्यांनी सांगितलंत. पहिलं गार्बटनं." थ्रेल त्याच्याकडे वळला. "घरात तंबाखू ओढणारा एकच, आणि तो शनिवारीच मेला. बुधवारी गुंडाळी कुणासाठी आली? तू ती स्वतःच्या हातानं पोचवलीस. तू म्हणालास, सवयीनं. असेलही. म्हणून मी गप्प बसलो."

गार्बटने कपाळावर हात मारला.

"मग तुम्ही, बुलमर. कोंबडा रविवारपासून आरवत नाही. मी खुराडं पाहिलं. आरवणार कसा? तो नाहीच. त्याचं रक्त टोपीवर आणि मांस झोपडीत. मग ल्यूथर. दर वर्षी बरोबर नेते, यंदा माळावर येऊ देत नाही. आणि करंडीत अख्खा पाव, एका सडपातळ बाईच्या दुपारच्या भुकेसाठी. एकेकट्या ह्या सगळ्या गोष्टी फुसक्या. विधवा विसरते, कोंबडा कोल्हा नेतो, पुतण्या नकोसा होतो."

"मग खात्री कशी झाली?"

"एनॉक वार्डलमुळे. बायको गेल्यावर तासाभरात रूबेन त्याच्याकडे माश्यांना सांग म्हणायला धावला. परक्याच्या माश्यांची ज्याला एवढी काळजी, त्याच्या स्वतःच्या घरात पाच दिवस कुणी माश्यांना सांगत नाही? आरशाला काळं, खिडक्यांना काळं, किटलीला काळं, आणि टोपल्या पिवळ्या! पडदे धुताना माश्यांना विचारणारी ही बाई. ती विसरली नाही. तिनं टाळलं." थ्रेलचा आवाज खाली आला. "तिनं पोलिसाला खोटं सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं, साऱ्या गावाला सांगितलं. पण माश्यांना खोटं सांगितलं तर ते खरं होतं, असं ती मानते. तेवढं खोटं तिला झेपलं नाही. मी किल्ली हातात घेतली ती तेवढ्यासाठी."

"दोन दिवसांचं ठरलं होतं," केझिया गवताकडे बघत म्हणाली. "पाऊस थांबल्यावर टोपी, काठी आम्हीच झडपेपाशी ठेवली. तो म्हणाला, एनॉकला दोन दिवस कोठडीत रडू दे, झाडांसाठी मी रडलो तसा. मग मी परत येतो, माळावर वाट चुकलो म्हणून सांगतो. मग पोलीस खून म्हणायला लागले. तो घाबरला. मी दर वेळी म्हणत होते खाली चल. तो म्हणायचा उद्या. आणि मी खाली येऊन पुन्हा काळं घालत होते."

माळ जांभळा झाला होता. डॉर्कस सगळ्यांच्या पुढे चालत होती, केझिया तिच्या मागे, थ्रेलकडून हिसकलेली किल्ली अजून मुठीत धरून, आणि गार्बट धापा टाकत शेवटी. झोपडीबाहेर सहा पिवळ्या टोपल्या होत्या. त्यांच्याजवळ दगडावर एक बोडक्या डोक्याचा म्हातारा चिलीम ओढत बसला होता. माणसं दिसताच तो उभा राहिला. पळाला नाही. आधी त्याने बायकोच्या हातातली किल्ली पाहिली.

"केझिया! माश्यांना सांगितलंस की काय?"

"नाही."

तो मटकन खाली बसला.

"उद्या माझे बाबा कबुली देणार होते," डॉर्कस म्हणाली.

"कबुली?" रूबेनने तिच्याकडे पाहिलं. "कसली कबुली? त्यानं तर काही केलंच नाही!"

"ते तुम्हाला ठाऊक. त्यांना नाही."

रूबेनच्या तोंडातून धूर यायचा थांबला. त्याने चिलीम दगडावर उपडी केली, तशीच टाकली आणि कुणाची वाट न बघता उतार धरला. खाली पोचेपर्यंत त्याला कुणी गाठू शकलं नाही. सत्तरीला टेकलेला माणूस, पण त्या दिवशी ससे त्याला वाट देत होते म्हणतात.

कोठडीचं दार बुलमरने उघडलं. एनॉकने वर पाहिलं. मग तो हळूहळू उठला आणि पिठाचा हात रूबेनच्या गालाला लावला. गालावर पाच पांढरी बोटं उमटली.

"तू ओला नाहीस," तो म्हणाला.

"नाही, एनॉक."

"मी तुला बुडवलं नाही."

"नाही रे. मीच..." बुलमर त्याला अटक करायला पुढे झाला, पण आधी त्यालाच हुंदका आला. अटक अर्धा तास लांबली.

एनॉक बाहेर हिरवळीवर येऊन उभा राहिला. गार्बट त्याच्यापुढे गेला.

"मी खोटं बोललो नव्हतो, एनॉक."

"ठाऊक आहे."

"पण अर्धंच पाहिलं होतं. आणि सगळं पाहिल्यासारखं सांगितलं."

एनॉकने मान डोलावली. मग म्हणाला, "बुधवारी हेल्बीला जाशील ना? लिंडनची तीन रोपं आण. डॉर्कस, ते सूप कुठाय?"

परतीच्या वाटेवर गार्बटच्या छातीवरचा दगड उतरला होता. लाइथांच्या गल्लीपाशी थ्रेल एकदम म्हणाला, "गाडी थांबव."

"काय राहिलं?"

थ्रेल उतरला. गल्लीत ती तांबडी गाय अजून आडवीच होती. तो थांबला, एक गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि तिच्या अंगाला घासून पलीकडे गेला. बागेच्या भिंतीआडून गार्बटने पाहिलं. थ्रेल पहिल्या टोपलीपुढे टोपी काढून उभा होता.

"मघाशी मी दोनदा टकटक केली," तो माश्यांना सांगत होता. "तिसरी राहिली. बातमी चुकीची होती. तुमचा मालक जिवंत आहे, काही दिवस घरी नसेल इतकंच. उगाच काळजी करू नका."

तो परत आला तेव्हा गार्बट हसू दाबत होता. "साहेब! तुम्हीसुद्धा मानता?"

"मुळीच नाही." थ्रेलने टोपी डोक्यावर चढवली. "पण अर्धवट बातमी सोडून गावातून निघून जाऊ नये. हे तुला मी सांगायला नको."

गार्बटचं हसू विरलं. त्याने मान हलवली आणि लगाम उचलला. मागे बागेत माश्यांचा आवाज पुन्हा सकाळसारखा झाला होता. आणि गाडीमागून, एकाच मोज्याच्या गुप्तहेरावर जीव जडल्यासारखी, ती तांबडी गाय थेट हेल्बीपर्यंत चालत आली.